आधी बंदराचं काम, मग पाहुणे

कोकणातल्या कुठल्याही दीपगृहावर चढायचं असेल तर त्याच्या वेळेत जावं लागतं. बहुतेक ठिकाणी दुपार कलल्यावर दार उघडतं. नाममात्र तिकीट काढायचं, गोल जिन्यानं वर जायचं, गॅलरीतून समुद्र डोळे भरून बघायचा आणि दिवा लागायच्या आत खाली उतरायचं. फ्रेनेल पद्धतीचं जुनं भिंग असेल तर दिवसा त्याच्याभोवती पडदे ओढलेले असतात. जे भिंग रात्री दिव्याचा प्रकाश एकवटून कित्येक मैल दूर फेकतं, तेच दिवसा बाहेरचं ऊन आत एकवटू शकतं आणि त्यानं आग लागू शकते. ‘काचेला हात लावू नका’ असं तिथला कर्मचारी सांगतो आणि कुणी त्याच्याशी हुज्जत घालत नाही. मुंबई-पुण्याहून पाच-सहा तास गाडी चालवून आलेली माणसंही वेळ संपली म्हटल्यावर मुकाट्यानं परत फिरतात. ही कामाची जागा आहे आणि आपण पाहुणे आहोत, हे सगळ्यांना कळतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की हा नियम दीपगृहाच्या पायथ्याशी संपू नये. जिथे दीपगृह आहे तिथे बहुधा जवळच मच्छीमारांचं गाव असतं, आणि ते गावही कामाचीच जागा आहे. किनाऱ्याच्या पर्यटनाचा आराखडा करताना त्या कामाला लागणारी जमीन, वेळ आणि वाट आधी राखून ठेवावी. पाहुण्यांची सोय त्यानंतर, उरलेल्या जागेत करावी. आज नेमकं उलट चाललं आहे.

हर्णैचंच बघा. दापोलीहून खाली उतरलं की कनकदुर्गाच्या टेकाडावर दीपगृह दिसतं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. जवळच गोवा किल्ला, आणि फत्तेगड, ज्याच्यावर आता तटबंदी शोधावी लागते आणि कोळ्यांची घरं मात्र दाटीवाटीनं उभी आहेत. शेजारी पाजपंढरी. एवढ्याशा टापूत किल्ले, दीपगृह, बंदर आणि दोन वस्त्या. कनकदुर्गावरून खाली पाहिलं की नांगरलेल्या होड्यांचे रंगीत बावटे दिसतात आणि मोबाइल आपोआप हातात येतो. त्यात काही वाईट नाही. दृश्य सुंदरच आहे.

पण खाली वाळूवर जे चाललेलं असतं ते दृश्य म्हणून चाललेलं नसतं. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, आणि तिथेच वाळूवर लिलाव लागतो. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ यांचे ढीग मांडलेले, भोवती दलाल, व्यापारी आणि डोक्यावर पाटी घेऊन उभ्या बायका. भाव पुकारला जातो, तुटतो, ढीग उचलला जातो, त्यावर बर्फ पडतो, टेम्पो निघतो. या सगळ्याला मिनिटांचा हिशेब असतो. मासळी उन्हात दहा मिनिटं जास्त राहिली की रंग उतरतो आणि रंग उतरला की भाव उतरतो. संध्याकाळचा लिलाव आणि सूर्यास्त बघायला आलेल्यांची गर्दी एकाच वेळी किनाऱ्यावर येते. मग ढिगाभोवतीच्या कड्यात कुणीतरी मुलाला पुढे उभं करून फोटो काढतं, कुणी ‘हा केवढ्याला?’ विचारून पुढे जातं, आणि ज्या बाईला बोली लावायची आहे तिला मागच्या रांगेतून दलालाचा चेहराच दिसत नाही. घेणार नसलेल्या माणसांनी तिची जागा घेतलेली असते.

एकदा तिथे जवळून पाहिलेली गोष्ट सांगतो. वाळूवर जाळं पसरून एक म्हातारे गृहस्थ त्याची फाटलेली वीण सांधत बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड धरलेली, हातात सुई, बाजूला दोऱ्याचं रीळ. एक मोठी गाडी वाळूत उतरली, मागे घेताना तिचं मागचं चाक जाळ्याच्या दुसऱ्या टोकावर चढलं. चालक तरुण होता, भला होता, लगेच खाली उतरून माफी मागू लागला. त्यानं जाळं उचलून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजोबा, काही तुटलं नाही.’ म्हाताऱ्यांनी तो पट्टा बोटांनी चाचपला आणि शांतपणे म्हणाले, ‘इथं तुटत नाय. वाळू रुतते धाग्यात. पाण्यात गेल्यावर, मासा लागल्यावर तुटतो.’ मग त्यांनी तेवढ्या पट्ट्याला एक फडकं बांधून खूण केली आणि परत कामाला लागले.

त्या तरुणाचा दोष मला फारसा वाटत नाही. वाळूत गाडी उतरवू नये हे त्याला कळायला हवं होतं, हे खरं. पण तिथे एक दोरीसुद्धा बांधलेली नव्हती. ही जाळ्यांची जागा आहे, गाड्या अमुक ठिकाणी लावा, असं सांगणारी पाटी नव्हती, माणूस नव्हता. शेतकऱ्याच्या मळणीच्या खळ्यावर कुणी गाडी नेऊन लावत नाही, कारण ते खळं कुणाचं आहे हे बघताक्षणी कळतं. किनाऱ्यावर ते कळत नाही, आणि कळावं अशी व्यवस्था आपण केलेली नाही.

दीपगृहांसाठी मात्र व्यवस्था आहे. १९२७ चा जुना दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये जहाजांना वाट दाखवणाऱ्या साधनांसाठी नवा कायदा आला. दीपगृहाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणला, त्याचा परिणाम कमी होईल असं काही केलं तर त्यात कैद आणि दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यानं जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून जपण्याची आणि पर्यटनासाठी खुली करण्याची वाटही करून दिली. क्रम नीट बघा: आधी दिव्याचं संरक्षण, मग वारसा, मग पर्यटन. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर पहिला दीपगृह महोत्सव झाला आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी तमिळनाडूतल्या तुत्तुकुडीहून देशभरातल्या ७५ दीपगृहांमधल्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण केलं. संग्रहालयं, बागा, मुलांना खेळायला जागा असं बरंच काही त्यात आलं. हे चांगलंच झालं. ज्या इमारती वर्षानुवर्षं कुंपणाआड होत्या त्या लोकांना आतून बघता येऊ लागल्या. शाळेतल्या मुलाला वर नेऊन, प्रत्येक दिव्याची लुकलुकण्याची लय वेगळी असते आणि ती मोजून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, समोरचा किनारा ओळखतो, हे सांगितलं तर तो ते जन्मभर विसरत नाही. जीपीएसच्या काळातही.

दीपगृह हे केंद्र सरकारच्या खात्याचं आहे. मोठी जहाजं बंदरात येता-जाता दीपशुल्क भरतात, त्यावर हा पसारा चालतो. त्याला कार्यालय आहे, नकाशा आहे, हद्द आहे. कोळीवाड्याच्या कामाच्या जागेला यातलं काही नाही. म्हणून दीपगृहाच्या दारात थांबणारी माणसं त्याच्या पायथ्याशी थांबत नाहीत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला हे अगदी डोळ्यांत भरतं. किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूला असलेल्या दीपगृहाकडे जाणारी वाट गावातून, कोळ्यांच्या दारांवरून जाते. शनिवार-रविवारी तिथे समोरासमोर गाड्या अडतात, हॉर्न वाजतात, आणि घरासमोर वाळत टाकलेली मासळी चाकाखाली जाऊ नये म्हणून कुणीतरी ती गोळा करत असतं. दीपगृहाची वेळ पाळायची म्हणून पाहुण्यांना घाई, आणि त्या घाईची किंमत मोजणारं घर भलतंच.

कायदाच नाही असं मात्र नाही. किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिलेलं होतं की मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायच्या जागा, हे सगळं गावपातळीच्या मोजणी नकाशावर दाखवलं पाहिजे. पुढे २०१९ ची नवी अधिसूचना आली, तिच्या नकाशांवर सुनावण्या झाल्या, आणि आमच्या जागा यात दिसतच नाहीत अशा हरकती महाराष्ट्रातल्या मच्छीमार संघटनांनी पुन्हा घेतल्या. मधल्या काळात, २०२० मध्ये, राज्यानं किनाऱ्यांवर बीच शॅक, म्हणजे पर्यटकांसाठी खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, उभारायचं धोरण मात्र आणलं. पाहुण्यांना खुर्ची कुठे टाकायची हे ठरवायची घाई झाली. सुकवणीची जागा कुठली, हे ठरवायला अजून सवड मिळालेली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. निर्णय मोठा आहे, स्वागत करावं असाच आहे. वीजदर, कर्ज, विमा यांत त्याचा उपयोग होईल. पण शेतकऱ्याला शेतकरी म्हणून उभं राहायला पहिला आधार सातबाऱ्याचा असतो. मच्छीमाराचं शेत समुद्र आहे, त्याचा सातबारा निघणार नाही, हे मान्य. पण त्याचं खळं जमिनीवर आहे. होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी पसरायची जागा, मासळी सुकवायची जागा, लिलावाची जागा. या जमिनी कागदावर सरकारी असतात, किंवा कुणा तिसऱ्याच्या, किंवा नुसत्याच पडीक. आराखडा करणारा माणूस कागद बघतो आणि त्याला मोकळी जागा दिसते. मोकळ्या जागेवर वाहनतळ होतो, सुशोभीकरण होतं, बाकं बसतात. यात कुणाचा दुष्टपणा असायची गरजच नसते. कागदावर जे नाही ते आराखड्यात येत नाही, इतकं सरळ आहे.

आणि ही जागा गेली की पहिला फटका बाईला बसतो. होडी नवऱ्याची किंवा नाखव्याची, म्हणजे होडीमालकाची, डिझेलचा परतावा होडीच्या नावावर, भरपाई होडीच्या नावावर. सुकी मासळी मात्र बहुतेक घरांत बाईची असते. जवळा, सुकट, बोंबील, मांदेली, खारवलेले बांगडे. ती विकत घेते किंवा घरच्या होडीतून बाजूला काढते, धुते, मीठ लावते, वाळवते, उलटते, कुत्र्या-कावळ्यांपासून राखते आणि पावसाळ्यापूर्वीच्या बाजारात नेऊन विकते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा कित्येक घरांची चूल या पैशावर चालते. तिच्याकडे या धंद्याचं भांडवल म्हणजे उन्हात, वाऱ्यावर पडलेली थोडी जमीन. वसई-पालघरकडे बोंबलाच्या वलांड्या, म्हणजे बोंबील टांगून वाळवायच्या बांबूच्या मांडण्या, उभ्या करतात, त्या निदान उंच असतात म्हणून दिसतात तरी. खाली पसरलेला जवळा लांबून वाळूसारखाच दिसतो. दिवाळीपासून मेपर्यंत सुकवणीचे दिवस, आणि नेमके तेच पर्यटनाचे दिवस. दोघांनाही ऊन आणि मोकळा किनारा हवा. या भांडणात नोंद नसलेली बाजू हरणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

वासाचा मुद्दाही इथेच येतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत उतरलेले लोक सुकवणीच्या वासाची तक्रार करतात आणि हॉटेलवाला ती ग्रामपंचायतीकडे नेतो, असं अनेक गावांतली माणसं सांगतात. ज्याला ताटात सुरमई हवी आहे त्यानं ती ज्या गावातून येते त्या गावाचा वास सहन करावा, इतकी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता रस्त्याबद्दल. रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं रस्ता व्हावा ही कल्पना १९८० च्या सुमारास तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मांडली. इतकी वर्षं तो तुकड्यातुकड्यानं होत राहिला. खाड्यांवर पूल नाहीत म्हणून आगरदांड्याला, वेसवीला, दाभोळला, जयगडला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं. हौशी प्रवाशाला त्यात मजा वाटते, पण बाळंतीण घेऊन निघालेल्या घराला वाटत नाही. आता राज्य रस्ते विकास महामंडळ सुमारे ५०० किलोमीटरचा हा मार्ग सलग करायच्या मागे लागलं आहे. या रस्त्याला विरोध करणारा मी नाही. बंदरातल्या माणसांनाही तो हवा आहे. मासळी लवकर बाजारात पोचेल, बर्फ लवकर येईल, दवाखाना जवळ येईल. प्रश्न रस्ता कुठून जातो आणि त्याच्या कडेला काय उगवतं याचा आहे.

या बाबतीत वरळीचं उदाहरण प्रत्येक अभियंत्यानं आणि प्रत्येक नगररचनाकारानं पाठ करावं असं आहे. मुंबईचा सागरी किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं आणि होड्यांना ते पुरेसं आहे असं पालिकेचं म्हणणं होतं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार सांगत होते की पुरेसं नाही. तिथे पाण्याला ओढ आहे, खाली खडक आहेत, वारा फिरला की होडी सरळ रेषेत येत नाही. त्यांनी काम अडवलं, होड्या आडव्या घातल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं सरकारनं मान्य केलं. पूल झाला, रस्ता झाला. जे अंतर शेवटी दिलं ते पहिल्या नकाशावरही देता आलं असतं. त्या पाण्यातून रोज जाणाऱ्या माणसाला आधी विचारलं असतं तर इतकी वर्षं, इतका पैसा आणि इतका कडवटपणा वाचला असता.

मुंबईतला कोळीवाडा निदान लढू शकला. तिथे पत्रकार पोचतात, वकील मिळतात. केळशीच्या खाडीवर, दाभोळला, काळबादेवीला पूल येतील तेव्हा तिथल्या दोन-अडीचशे होड्यांच्या गावाकडे कोण जाणार? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं, १५२ मासळी उतरवायची ठिकाणं आणि सुमारे ३ लाख ८६ हजार मच्छीमार लोकसंख्या नोंदलेली आहे. त्यातलं प्रत्येक गाव वरळीसारखं झगडेल अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की मासळीच संपत चालली आहे, पोरं बोटीवर जायला तयार नाहीत, मग पर्यटनाला वाट मोकळी का करून देऊ नये? मासळी कमी झाली हे खरं. पण ती आपोआप कमी झालेली नाही. माशांचा अख्खा थवा घेरून उपसणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी आणली, आणि तरीही रात्री किनाऱ्यावरून दूर प्रखर प्रकाशाचे पट्टे दिसतात म्हणून मालवणपासून हर्णैपर्यंतचे पारंपरिक मच्छीमार आंदोलनं करत आले आहेत. त्यांची मागणी गस्तीनौकांची आहे, कारवाईची आहे. समुद्रातला बेकायदा उपसा थांबवायचा नाही आणि किनाऱ्यावर येऊन ‘तुमचा धंदा तसाही चालला’ म्हणायचं, हे मला पटत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वादळांनी होड्या, जाळी, घरांची छपरं नेली. तरी माणसं परत समुद्रावर गेली. धंदा सोडायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोळीवाड्यातली माणसंच खोल्या बांधतात, पर्यटकांच्या बोटी चालवतात, जेवणावळी घालतात; त्यांनाच हवं आहे तर तुम्ही कोण सांगणारे? बरोबर आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या होड्या स्थानिकांच्याच आहेत आणि त्यावर घरं चालतात. किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेनंही मच्छीमारांना आपल्या आहे त्याच घरात, बांधकाम न वाढवता, पाहुणे ठेवायची मुभा दिली आहे. हा पैसा गावात राहतो. मी पर्यटनाच्या विरुद्ध नाही, अटी कोण घालतं याबद्दल बोलतो आहे. बाहेरच्या मालकानं किनाऱ्यालगत जमीन घेऊन कुंपण घातलं आणि कोळ्याला त्यात पहारेकरी ठेवलं, तर तो स्थानिक रोजगार झाला असं कागदावर म्हणता येईल. पण त्या कुंपणामुळे होडी ओढायची वाट बंद झाली तर गावाचा हिशेब तोट्यातच आहे.

गावानं अटी घातल्या तर काय होतं ते बाणकोटजवळच्या वेळासला दिसतं. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जायची, खाल्ली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या मदतीनं ती जपायला घेतली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे माणसांची रीघ लागते. राहायचं गावातल्या घरात, जेवायचं घरातलंच. पिल्लं सोडायची वेळ सकाळची आणि संध्याकाळची, ठरलेली. दोरी बांधलेली असते, तिच्या पलीकडे जायचं नाही. अंडी फुटली नाहीत तर त्या दिवशी काहीच दिसत नाही आणि पाहुणे तसेच परत जातात, पुढच्या वर्षी परत येतात. कासवासाठी आपण हे सगळं मान्य करतो. मग जाळं सांधणाऱ्या माणसासाठी एक दोरी बांधायला काय हरकत आहे?

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. लिलावाच्या वेळेत बोली न लावणाऱ्यांनी कड्याबाहेर, शक्य असेल तिथे थोड्या उंचावरच्या कट्ट्यावर थांबावं. तिथून फोटोही चांगला येतो आणि कामही समजतं. गाड्या गावाबाहेर लावाव्यात आणि वाळूत एकही चाक उतरू नये, मग ते आमदाराचं असो की आमचं. वाहनतळाचे आणि दीपगृहाच्या तिकिटाचे जे काही पैसे जमतील त्यातला ठरलेला वाटा त्याच बंदरावर खर्च व्हावा. कशावर, हे कुठल्याही बंदरावर पहाटे जाऊन पाहिलं की कळतं: बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, हात धुवायला गोडं पाणी नाही, पाऊस आला तर उभं राहायला छप्पर नाही. दीपगृहाच्या आवारात बाग फुलवणाऱ्या सरकारला शंभर पावलांवर नळ देता येऊ नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण सगळ्यात आधी व्हायला हवी ती मोजणी, आणि ती मासेमारी बंदीच्या दिवसांत व्हायला हवी. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत होड्या समुद्राबाहेर असतात. एरवी, हंगामात, मोजणीवाला भर दुपारी किनाऱ्यावर आला तर होड्या पाण्यात, माणसं पाण्यात, आणि त्याला लांबच लांब रिकामी वाळू दिसते. पावसाळ्यात तोच किनारा पाय ठेवायला जागा नाही इतका भरलेला असतो: झापांखाली शाकारलेल्या होड्या, उतरवून ठेवलेली इंजिनं, जाळ्यांचे ढीग, दुरुस्तीचं सामान. गावाला किती जमीन लागते हे त्या दोन महिन्यांत मोजपट्टी लावून कळू शकतं. सुकवणीच्या जागा त्या दिवसांत दिसणार नाहीत, त्या बायकांना सोबत घेऊन, त्यांनी दाखवलेल्या खुणांवरून उतरवून घ्याव्या लागतील. हे काम ग्रामसभा, मच्छीमार सोसायटी आणि भूमी अभिलेख खातं यांनी मिळून करायचं आहे. हर्णै, पाजपंढरी, कोर्लई, देवगड, जिथे दीपगृहाशेजारीच बंदर आहे अशा गावांपासून सुरुवात करता येईल, कारण पर्यटनाचा पैसा आणि सागरी मार्गाची आखणी तिथे आधी पोचणार आहे. त्या मोजणीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेपर्यंत किनाऱ्यावरच्या एकाही सुशोभीकरणाच्या कामाची निविदा काढू नये, अशी मागणी या गावांनी लेखी करावी, आणि आपण जे दर सुट्टीला तिकडे जातो त्यांनी तिला जाहीर पाठिंबा द्यावा.